बचाव करणाऱ्या गार्डचीही दखल घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बास्केटबॉलच्या बातमीत गुण कुणाचे किती एवढंच येतं, बचावाबद्दल अवाक्षर नाही. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये १९९६ ला गॅरी पेटन हा गार्ड, म्हणजे रिंगपासून दूर राहून चेंडू खेळवणारा खेळाडू, सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्यानंतर हा मान मिळवणारा गार्ड थेट २०२२ मध्ये, मार्कस स्मार्ट. सव्वासहा फुटांचा हा गडी धिप्पाड सेंटरलाही, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूलाही, रिंगखाली रेटू देत नाही, सुटलेल्या चेंडूवर अंग झोकून देतो. तीन गुणांचे फटके मात्र शंभरात ३२ च्या आसपासच बसतात, म्हणून प्रतिस्पर्धी त्याला मोकळा सोडून आत गर्दी करतात. तोटा खराच, तरी संघात मी त्यालाच आधी घेईन. माझ्याकडच्या मुलींना सांगते, नजर समोरचीच्या कमरेवर ठेवा. खांदे हुलकावणी देतात. चेंडू कुणी हिसकावले, तेही छापत चला.

– एक प्रशिक्षिका, शिवाजी पेठ, कोल्हापूर