परत पाठवलेल्या नमुन्याबद्दल

सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या मॅडम,

नमस्कार. तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण इथं लिहीत नाही. तुम्हाला ते आवडायचं नाही. ओळख पटावी म्हणून एवढंच सांगतो, की फेब्रुवारीत लॅबच्या खिडकीशी येऊन "माझ्या बापाचा पाय जाऊन राहिला अन् तुम्ही कागदं नाचवता" असं ओरडणारा वरुडकडचा माणूस तो मीच. तुम्ही विसरलाही असाल. त्या खिडकीशी रोज कुणीतरी ओरडतच असेल.

औषध वॉर्डातल्या डॉक्टरांनी दिलं, जखम सर्जननं खरवडली, त्यांचे आभार मी तिथंच मानून आलो. तुमचे राहून गेले. आणि ते रिपोर्ट दिल्याबद्दलचे नाहीत. आम्ही पाठवलेला पहिला नमुना तुम्ही घेतला नाहीत, त्याबद्दलचे आहेत.

गोष्ट थोडी मागून सांगतो, कारण हे पत्र आमच्या भागातले लोकही वाचतील.

बाबांना बारा वर्षांपासून शुगर. पावलं बधिर. जानेवारीत मजुरांनी पऱ्हाट्या उपटण्याऐवजी कापल्या, खुटं तशीच राहिली, टोकदार. एखादं खूट चप्पल फोडून तळव्यात शिरतं आणि माणसाला पत्ताही लागत नाही, हे शुगर नसलेल्याला पटत नाही. संध्याकाळी आईनं ओसरीवर रक्ताचे ठसे पाहिले तेव्हा घराला कळलं. आधी हळद भरली, मग जवळच्या एका डॉक्टरकडे नेलं. तिथं मीच म्हटलं, "भारीतलं द्या." मी कृषी केंद्र चालवतो. माझ्या काउंटरवर हंगामात दिवसभर हेच वाक्य ऐकतो, तेच माझ्या तोंडून निघालं. सेफ्ट्रिअ‍ॅक्झोनची इंजेक्शनं झाली, सोबत गोळ्या. बरं वाटलं की बंद, ठणकलं की दुसऱ्या गोळ्या. तीन आठवड्यांनी पट्टी सोडली तर कापसावर हिरवा पू, आणि त्याला गोडसर, आंबूस वास.

नागपूरला आणलं त्याच दिवशी "पाय घोट्यावरून काढावा लागू शकतो" हे ऐकलं. वॉर्डातून कापसाच्या काडीवर पू घेऊन तुमच्याकडे पाठवला. दोन तासांत तो परत. फॉर्मवर तुमच्या अक्षरात लिहिलेलं: वरवरचा नमुना, घेता येणार नाही, जखम धुऊन, मेलेलं मांस काढून, तळाचा तुकडा पाठवा, चालू अँटिबायोटिकचा रकाना भरा.

मी खाली उतरलो आणि ओरडलो. तुम्ही खिडकीतूनच उत्तर देऊ शकला असता. बाहेर आलात, स्ट्रेचरवर बाबा होते त्यांच्यापाशी उभ्या राहिलात आणि मला नाही, त्यांना सांगितलंत: वरच्या पुवात कातडीवरचे, पट्टीवरचे, हवेतले सगळेच जंतू सापडतात. त्यातला कोण पाहुणा आणि कोण पाय खातोय ते कळणार नाही. चुकीच्या जंतूवर औषध दिलं तर आठवडा जाईल, आणि तुमच्याकडे आठवडा नाही.

बाबा माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरोबर सांगून राह्यली पोरगी. माती परीक्षणाले आपण वरची माती देतो का?"

मॅडम, माझं तोंड तिथंच बंद झालं. दर उन्हाळ्यात मी लोकांच्या पिशव्या परत करतो. बांधाजवळची आणली, उकिरड्याजवळची आणली, झाडाखालची आणली, सगळी परत. वरचा काडीकचरा बाजूला सार, वीतभर खोल इंग्रजी व्हीसारखा खड्डा कर, त्याच्या कडेची घे. लोक मला शिव्या घालत जातात. आता मी त्यांच्या जागी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सर्जननं जखम खरवडली, तळाचा तुकडा तुमच्याकडे आला. पुढच्या ४८ तासांत तुम्ही मला दोनदा बोलावून काय चाललंय ते दाखवलंत. तुमचं ते काम नव्हतं. पहिल्या दिवशी मोबाइलवर काचेच्या ताटलीचा फोटो. सगळी ताटली हिरवट, जणू कुणी मोरचूद सांडला. "स्युडोमोनास," तुम्ही म्हणालात. तो स्वतःच निळा-हिरवा रंग तयार करतो, म्हणून पू हिरवा होता, वासही त्याचाच. दुसऱ्या दिवशीच्या फोटोत ताटलीवर औषधात भिजवलेल्या कागदाच्या चकत्या. काहींच्या भोवती स्वच्छ गोल रिंगण, म्हणजे तिथं जंतू उगवले नाहीत. काहींच्या अगदी काठाला भिडून उगवलेले. रिंगण पट्टीनं मिलिमीटरमध्ये मोजायचं आणि तक्त्याशी ताडायचं.

मी विचारलं, आम्ही दिलं ते इंजेक्शन यातलं कुठलं? तुम्ही म्हणालात, ते या जंतूसाठी ताटलीवर ठेवतच नाही. स्युडोमोनासवर ते जन्मजातच चालत नाही. मी भारीतलं मागितलं होतं आणि भारीतलंच मिळालं होतं. भलत्यालाच मारायला.

त्या रात्री वॉर्डच्या व्हरांड्यात झोप येईना म्हणून तुम्ही सांगितलेलं एकेक मोबाइलवर शोधत बसलो. जंतू एकमेकांशी बोलतात, हे तुम्ही म्हणालात तेव्हा मला वाटलं समजावून सांगण्यासाठी म्हणताय. पण ते खरंच आहे. प्रत्येक जंतू थोडंथोडं रसायन बाहेर सोडतो. गर्दी वाढली की ते रसायनही वाढतं, आणि ठरावीक पातळी ओलांडली की सगळे मिळून वागणं बदलतात. समुद्रातल्या चमकणाऱ्या जीवाणूंमध्ये हे १९७० मध्ये दिसलं: मोजके असताना अंधार, दाटी झाली की उजेड. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या बॉनी बॅसलर यांनी पुढे या बोलण्याची भाषाच उलगडली. शास्त्रज्ञांनी याला नाव दिलंय ते कोरमवरून, "कोरम सेन्सिंग". ग्रामसभेचा कोरम! आमच्याकडे तो कधी भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही म्हणून चार जण बसून सगळे ठराव मंजूर करतात. जंतूंना अशी पळवाट नाही. बाबांच्या पायात कोरम पूर्ण भरला होता.

कोरम भरल्यावर स्युडोमोनास काय करतो, तर विषं सोडतो आणि स्वतःभोवती चिकट बुळबुळीत थर बांधतो. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला आतून हात लावला की लागतो तसा. या थरात बसलेल्या जंतूला मारायला, सुट्या जंतूच्या मानाने कधीकधी हजारपट औषध लागू शकतं. म्हणून सर्जन खरवडत होता. मला वाटत होतं, आधीच जखम एवढी, आणखी कशाला कापतात?

आणि थरात काही जंतू नुसते झोपलेले असतात. हे मला सगळ्यात लवकर कळलं, कारण मी तणनाशक विकतो. ग्लायफोसेट हिरव्या पानावरच काम करतं. जमिनीत पडलेल्या बियांना त्याचं काहीच नाही, पाऊस आला की पुन्हा उगवतात. डब्लिनचे जीवाणूशास्त्रज्ञ जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच पाहिलं होतं की पेनिसिलिननं बहुतेक सगळे जंतू मरतात, पण थोडे उरतात. ते पेनिसिलिनला पचवून उरत नाहीत, वाढ थांबवून पडून राहतात म्हणून उरतात. बाबांचं "बरं वाटलं, बंद करा" झालं की दुखणं अशाच बियांतून पुन्हा उगवत असावं.

जंतूंना मारण्यापेक्षा त्यांची दवंडीच बंद करावी, म्हणजे गर्दी असूनही त्यांना ती कळू नये, असं संशोधन चाललंय हेही वाचलं. ते अजून मुख्यतः प्रयोगशाळेतलंच काम आहे. मला ते फार आवडलं, पण बाबांच्या पायाला त्याचा उपयोग नव्हता. त्यांना तुमच्या चकत्यांनी निवडलेलं जुनंच औषध शिरेतून दिलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पाऊल राहिलं. "दोन बोटं गेली त जाऊ दे, वावरात त जाता येते," म्हणतात. जातातही, आईची नजर चुकवून. आता बूट घालून.

आता ज्या गोष्टीनं माझी खरी झोप उडवली, ती. निघायच्या दिवशी तुम्ही विचारलंत, दुकानात काय काय विकता. मी यादी सांगताना स्ट्रेप्टोसायक्लिन म्हटलं आणि तुम्ही थांबलात. सहा ग्रॅमची पुडी. कपाशीच्या जिवाणूजन्य करप्यावर, संत्रा-लिंबाच्या खैऱ्या रोगावर. तिच्यात ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन आणि १० टक्के टेट्रासायक्लिन, हे पुडीवरच छापलेलं असतं. मी वर्षानुवर्षं वाचत आलो होतो. ही माणसांचीही औषधं आहेत हे मनात कधी आलंच नाही. तुम्ही म्हणालात, "यातलं स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं औषध आहे, भाऊ. आणि ते मातीतून आलंय."

शेणखत घातलेल्या शेतातली माती आणि एका कोंबडीचा घसा, या दोन ठिकाणच्या जीवाणूंतून अमेरिकेत १९४३ मध्ये अल्बर्ट शॅट्झ नावाच्या विद्यार्थ्याला ते सापडलं. नोबेल मात्र १९५२ मध्ये त्याच्या गुरूला, वाक्समन यांना एकट्यालाच मिळालं. (हे वाचून बाबा म्हणाले, "तिकडेही असंच आहे का?") पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ चा, तिथं पिंपरीच्याच मातीतल्या जीवाणूतून बुरशीवरचं हॅमायसिन निघालं. पहिल्या पावसात काळ्या मातीचा जो वास येतो, तोही याच कुळातल्या जीवाणूंचा. म्हणजे आम्ही ज्याला मृगाचा वास म्हणतो, तो एका अर्थानं औषधाच्या कारखान्याचा वास.

मातीतले बहुतेक जीवाणू प्रयोगशाळेच्या ताटलीत उगवतच नाहीत. म्हणून काहींनी ताटली सोडून जीवाणूंना बारीक भोकांच्या चिपमध्ये कोंडलं आणि ती चिप मातीतच पुरली. त्यातून २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन मिळालं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या लोकांनी हॅमिल्टनमधल्या एका घराच्या परसातली माती घेतली आणि तिच्यातले जीवाणू जवळपास वर्षभर नुसते वाढू दिले, म्हणजे मंद वाढणारेही पुढे येतील. त्यातून मार्च २०२५ मध्ये लॅरिओसिडिन नावाचा रेणू जाहीर झाला. जंतूचा प्रथिनं बनवण्याचा जो कारखाना आहे, त्याला तो अशा ठिकाणी पकडतो जिथं आधीची औषधं पकडत नव्हती. उंदरांपर्यंत पोचलंय; माणसांपर्यंत यायला वेळ आहे. एका परसातल्या मातीसाठी वर्षभर थांबणारी माणसं, आणि मी तुमच्या ४८ तासांसाठी ओरडत होतो.

२०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगात थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. आकडा मोठा आहे, पण मला त्यापेक्षा बोंडअळी लवकर कळते. २००२ मध्ये बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा आम्ही म्हणत होतो, अळीचा विषय संपला. पाकिटासोबत साध्या बियाण्याची छोटी पुडी यायची, बांधानं लावायची, म्हणजे अळीत प्रतिकार पसरणार नाही. कुणी लावली? माझ्या दुकानामागच्या खड्ड्यात त्या पुड्या सापडायच्या. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली तेव्हा सगळे बियाण्याला शिव्या देत होते. मीही देत होतो. बीटीतलं अळीला मारणारं जनुकही मातीतल्या जीवाणूचंच, हे मला या वर्षी कळलं.

तर आता दुकानात काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला पत्र लिहायला मला तोंड राहील. पूर्वी कुठल्याही फवारणीत "सोबत टाकून द्या एक पुडी" म्हणून स्ट्रेप्टोसायक्लिन जायचं. बुरशीचा करपा असो की नुसता पान पिवळं पडणं असो. आता पान आणल्याशिवाय देत नाही. बुरशी असेल तर त्या पुडीचा काही उपयोग नाही, हे सांगतो. चार गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली. दोन परत आली, दोन नाही आली. एक म्हातारे गृहस्थ तर म्हणाले, "तू काऊन डॉक्टर झाला बे?" मी त्यांना बाबांचा पाय दाखवला. दाखवायला बाबांना भारी हौस आहे; बूट काढून बसतात.

शेवटची गोष्ट. मृग बहाराची संत्री घेऊन आलो होतो तेव्हा तुम्ही पेटी घेतली नाहीत, दोन फळं घेतलीत. आणि म्हणालात, त्यापेक्षा पुढच्या वेळी बागेतली मूठभर माती आणा, विद्यार्थ्यांना त्यातले जीवाणू वाढवून दाखवीन. मला वाटलं गंमत करताय. बाबांना सांगितलं तर ते दुसऱ्याच दिवशी जुन्या झाडांच्या ओळीत गेले, काडीकचरा बाजूला केला आणि वीतभर खड्डा केला. माती सावलीत वाळवून कापडी पिशवीत बांधून ठेवली आहे. पिशवीवर त्यांनीच चिठ्ठी लावली आहे: कोणतं खत घातलं, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. एकही रकाना रिकामा नाही.

फक्त एक कळवा. हीच चालेल, की पहिला पाऊस पडून गेल्यावरची हवी? मृगाला पंधरा दिवस आहेत, बाबा थांबायला तयार आहेत.

आपला,
खिडकीशी ओरडलेला