रविवारच्या बैठकीची सूचना (फोनचं आधी वाचा)

मंडळी, रविवारी साडेसातला गच्चीवर बसायचंय, खोलीत नाही, परभणीतला उकाडा बघताय ना. यावेळी ऐकायचंय गिटारचं ड्रोन, म्हंजे एकच सूर लांबवत धरून ठेवलेलं संगीत. गाणं नाही, तबला नाही, त्यामुळं 'सुरू कधी होतंय' असं कुणी विचारू नका, मागच्या वेळी एका काकांनी विचारलं तेव्हा निम्मं झालं होतं.

लावणार इंग्लंडचा गिटारवाला रॉबर्ट फ्रिप अन् तिथलाच संगीतकार ब्रायन ईनो, या दोघांचा 1973 चा अल्बम, फक्त पहिली बाजू, 21 मिनिटांच्या आसपास. दोन टेप रेकॉर्डरमधून एकच टेप फिरवली, पहिल्यावर गिटार रेकॉर्ड होतीय, दुसऱ्यावर तीच काही सेकंदांनी वाजतीय अन् परत पहिल्यात जातीय, असे थरावर थर चढत जातात. कीर्तनात विणेकरी मागं नुसती वीणा छेडत उभा असतो ना, तसं फक्त त्याच्याकडंच कान देऊन बसायचं. पहिली पाच मिनिटं कंटाळा येईल, मलाबी आला होता, मग सुराच्या आतले बारके सूर ऐकू यायला लागतात.

फोन सायलेंट नको, बंदच करा. मागं कुणाचा तरी स्टीलच्या ताटावर व्हायब्रेट होत होता अन् आम्ही दोन मिनिटं माना डोलवल्या!

लाईट गेली तरी चालतंय, स्पीकर चार्ज करून ठेवलाय. सतरंजी दोनच हायेत, एक-दोघांनी घेऊन या. चिवडा, चहा सगळं नंतर.