बाळ थंड केलं, पण औषधांचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीत जन्मतः न रडलेल्या बाळांच्या कूलिंगवर, म्हणजे मेंदूचं नुकसान कमी व्हावं म्हणून बाळाचं अंग थंड ठेवण्याच्या उपचारावर, अर्धं पान आलंय. डॉक्टरांचा फोटो मोठा, मशीनचा त्याहून मोठा. जन्मानंतर ६ तासांच्या आत सुरू करायचं, अंगाचं तापमान ३३-३४ डिग्री सेल्सियस, ७२ तास, सगळं बरोबर दिलंय, त्याबद्दल अभिनंदन. पण त्या ७२ तासांत बाळाला जी औषधं चालू असतात त्यांच्याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही!

मी बरीच वर्षं एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) नर्स होते म्हणून बोलतेय. गॅस मंद केला की दूध उतू जात नाही हे खरं, पण त्याच गॅसवर भातही शिजत नाही. थंडीत लिव्हरमधली एन्झाइम्स मंदावतात, त्यात श्वास कोंडल्यामुळे लिव्हर आणि किडनीला आधीच मार बसलेला असतो, म्हणजे मॉर्फिन, मिडाझोलाम ही वेदना कमी करणारी, गुंगीची औषधं शरीरात साचत जातात आणि जेंटामायसिन हे अँटिबायोटिक लघवीतून नेहमीच्या वेगाने बाहेर पडत नाही. म्हणून जेंटाचा डोस २४ ऐवजी ३६ तासांनी द्यावा असं बऱ्याच ठिकाणी ठरलंय, नाहीतर किडनी आणि कान दोन्ही धोक्यात. आणि आजारी मूल म्हटलं की दर वेळी औषध साचतंच असंही नाही हं. मोठ्या मुलांत सेप्सिसमध्ये (जंतुसंसर्ग अंगभर भिनतो तेव्हा) कधीकधी किडनी उलट जास्तच जोरात चालते आणि अँटिबायोटिक पुरतच नाही. एकच चार्ट सगळ्यांना लावून कसं चालेल?

आमच्याकडचं एक बाळ मी विसरूच शकत नाही. कूलिंग संपलं, दर तासाला अर्धा डिग्री असं हळूहळू गरम केलं, झटके थांबले होते पण बाळ हलेना, डोळा उघडेना. झटक्यांवरच्या फेनोबार्बिटोनचे डोस झालेले, वेदना कमी करणारं, गुंगी आणणारं फेंटॅनिल नुकतंच बंद केलेलं. राउंडला आलेल्या मोठ्या साहेबांनी दारातूनच आजोबांना सांगितलं, मेंदू गेलाय, आता काही अर्थ नाही. अहो, फेनोबार्ब नवजात बाळाच्या अंगात कित्येक दिवस राहतं, ते उतरल्याशिवाय बाळ औषधाने झोपलंय की मेंदूमुळे हे ठरवणार कसं? औषधाची लेव्हल बघायची सोय आमच्याकडे नव्हती, सॅम्पल बाहेर पाठवायचं, रिपोर्ट यायला वेळ, आणि तेवढं थांबायचा खर्च त्यांना झेपणारा नव्हता. मी म्हटलं, सर दोन दिवस बघूया की. तर म्हणाले, सिस्टर, तुम्ही तुमचं चार्टिंग करा. संध्याकाळी डामावर (डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध घरी नेतोय, या कागदावर) सही करून नेलं त्यांनी बाळ घरी. पुढे काय झालं कळलं नाही. बाळ नक्की वाचलं असतं असा माझा दावा नाही, पण असा निकाल एवढ्या घाईने देतात का?

तुमच्या लेखात कूलिंग म्हणजे जादूची कांडी. भारत, श्रीलंका, बांगलादेश इथल्या ४०८ बाळांवरचा हेलिक्स अभ्यास २०२१ सालीच छापून आलाय, त्यात कूलिंग केलेल्या गटात मृत्यू कमी नाही, जास्त झाले. का, यावर तज्ज्ञ अजून भांडतायत, भांडू देत. पण आरोग्य पुरवणी काढणाऱ्यांनी निदान उल्लेख तरी करावा? की जाहिरातदार हॉस्पिटलचं मन राखायचं होतं?

आणि हो, लेखासोबतचा तो दुसरा फोटो. कूलिंगचं बाळ म्हणून जे छापलंय ते लोकरीची टोपी घालून दुपट्यात गच्च गुंडाळलेलं आहे आणि वर वॉर्मर चालू आहे! कूलिंगच्या बाळाला आम्ही डायपरवर ठेवायचो आणि वॉर्मर बंद. तुमच्या फोटो विभागाला एकदा कुठल्याही एनआयसीयूत पाठवा, बाहेर चप्पल काढून हात धुऊन यायला सांगा म्हणजे झालं.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
(नाव छापू नये, आणि मागच्या वेळसारखं पत्र अर्ध्यात कापूही नये)