मागचा सेन्सर बिघडला होता, तुम्ही पुढचा बदललात

फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीचा ऑक्सिजन सेन्सर बदलून पैसे घेतल्याबद्दल आणि कारण नसताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगितल्याबद्दल तक्रार

महोदय,

तुमच्या कंपनीची पेट्रोल गाडी मी वापरतो. बीएस-६ मधली, चार सिलिंडरची. केळी कापणीला आली की सावदा-रावेरच्या सगळ्या फेऱ्या तिच्यावरच असतात. म्हणून इंजिनाचा पिवळा दिवा लागल्यावर चालढकल न करता गाडी तुमच्या जळगावच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेली. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड निघाला पी०१४१. जॉब कार्डावर तो तुमच्याच माणसाच्या अक्षरात आहे.

या कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांना एकच : बँक १, सेन्सर २, हीटरचे सर्किट. बँक म्हणजे सिलिंडरची रांग; इंजिनाचा पहिला सिलिंडर ज्या रांगेत ती बँक १. सेन्सर म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा भाग; कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागाच्या, आधी बसतो तो सेन्सर १, त्याच्यानंतर बसतो तो सेन्सर २. म्हणजे बिघाड मागच्या सेन्सरच्या हीटरमध्ये, नाहीतर त्याच्या वायरिंगमध्ये शोधायचा. तुमच्या लोकांनी मात्र मॅनिफोल्डजवळचा (इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळ्यांजवळचा) पुढचा सेन्सर काढून नवा बसवला. बिलात नुसते ‘ऑक्सिजन सेन्सर – १ नग’ असे लिहिले आहे, त्यामुळे कोणता बदलला हे बिल वाचून कळत नाही. पार्ट नंबर पाहिला तेव्हा कळले.

काही दिवसांतच दिवा पुन्हा लागला. मी जाब विचारला, तर सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणाले, “सेन्सर २ म्हणजे दुसऱ्या बँकेचा. तुमच्या गाडीला बँक एकच, म्हणून आहे तो बदलला.” माझ्या गाडीचे चारही सिलिंडर एका रांगेत आहेत, तिला दुसरी बँक नाही हे खरे. पण बँक आणि सेन्सर हे दोन वेगळे आकडे आहेत, आणि अधिकृत सेंटरमधल्या माणसाला त्यांतला फरक माहीत नसावा, ही माझी पहिली तक्रार आहे.

दुसरे कारण त्यांनी दिले ते जळगावच्या उन्हाचे. मे महिन्यात इकडे पारा ४५ अंशांवर जातो, ते आम्हाला सांगायला नको. पण हा सेन्सर नीट काम करायला लागतो तोच सुमारे ३०० अंशांच्या पुढे. थंड इंजिनात तो लवकर तापावा म्हणून तर त्यात हीटर दिलेला असतो. जो भाग धगधगत्या धुरातच राहण्यासाठी बनवला, तो खान्देशच्या उन्हाने जातो असे गिऱ्हाइकाला सांगू नये.

त्यानंतर जे सांगितले ते सर्वांत गंभीर आहे. “कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेला आहे, बदलावा लागेल,” असे म्हणून मोठ्या रकमेचे कोटेशन हातात दिले. कन्व्हर्टरची कार्यक्षमता घटल्याचा कोड पी०४२० असतो. तो माझ्या गाडीत एकदाही आलेला नाही. दुसऱ्या वेळीही स्कॅनरवर पी०१४१ हाच कोड होता. मग कन्व्हर्टर खराब आहे हे कशावरून ठरवले? लेखी मागूनही उत्तर मिळाले नाही.

शेवटी सावद्याच्या एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली. मिस्त्रींनी आधी फ्यूज पाहिला, मग गाडी उचलून मागच्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवला. चार वायरींपैकी एकाच रंगाच्या दोन हीटरच्या. त्यांवर मल्टिमीटर लावला तर काहीच रीडिंग नाही, हीटर आतून तुटलेला. चांगल्या हीटरचा रोध थोड्याच ओहमांचा असतो. गाडीकडून कपलरपर्यंत १२ व्होल्ट व्यवस्थित येत होते, म्हणजे वायरिंगही ठीक. एवढी तपासणी माझ्यासमोर थोड्या वेळात झाली. तुमच्याकडे कपलरला कोणी हातही लावला नव्हता, त्याच्यावरची माती जशीच्या तशी होती.

जुना सेन्सर गंजून घट्ट बसला होता. मिस्त्रींनी आट्यांवर गंज सोडवणारे तेल मारून ते मुरू दिले, इंजिन थोडे गरम केले आणि वायर जाण्यासाठी खाच असलेल्या २२ मिमी सॉकेटने तो अलगद सोडवला. नव्याच्या टोकाला बोट लावले नाही. तेव्हापासून दिवा लागलेला नाही.

माझा पुढचा सेन्सर मुळात चांगला होता. तो ठीक असेल तर इंजिन गरम झाल्यावर त्याचा व्होल्टेज ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वर-खाली होत राहतो आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात ते दिसते. तुमच्याकडे स्कॅनर होता, ते पान उघडायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. काढलेला सेन्सर मागितला तर “भंगारात गेला” असे सांगितले. तो माझ्या पैशाचा भाग होता, मला न विचारता टाकायचा अधिकार कोणालाही नव्हता.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. पुढच्या सेन्सरची किंमत आणि मजुरी पूर्ण परत करावी. फेकलेल्या चांगल्या सेन्सरची भरपाई द्यावी. कन्व्हर्टरचे कोटेशन चुकीचे होते हे लेखी द्यावे, कारण उद्या गाडी विकताना तुमच्या सर्व्हिस नोंदीत तो शेरा माझ्या आड येईल. आणि यापुढे प्रत्येक जॉब कार्डावर कोड, मोजलेले रीडिंग आणि सेन्सर पुढचा की मागचा हे लिहिण्याची सूचना सर्व सेंटरना द्यावी. यावल-रावेर भागातून जळगावला गाडी आणायची म्हणजे शेतकऱ्याचा अख्खा दिवस जातो, आणि बिलावर जे लिहिले त्यावर तो विश्वास ठेवतो.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : दोन्ही जॉब कार्डे, बिल, कन्व्हर्टरचे कोटेशन, सावद्याच्या गॅरेजची पावती व मल्टिमीटरच्या रीडिंगचे फोटो. बिघडलेला मागचा सेन्सर माझ्याकडे जपून ठेवला आहे, तपासणीसाठी केव्हाही दाखवीन.