तारीख घेतली आहे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की बाबा "बघू" म्हणतात आणि आई मुलांच्या डब्याचा विषय काढते, म्हणून लिहिते आहे. तारीख घेतली आहे. तुळशीची लग्नं आटोपली की पुढच्या सोमवारी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. आगाऊ रक्कमही भरून टाकली. रागवायचं असेल तर पत्र पूर्ण वाचून मग रागवा.

बाबा, तुमचं म्हणणं मला कळतं. मार्गशीर्षात आजीचं वर्षश्राद्ध, ते नौपाड्याच्याच घरात, तिला शोभेल असं पन्नास पानांचं. ते पार पडू दे, मग आईचं निवांत बघू. पण आईचं दुखणं कायम कशाच्या तरी नंतरच राहिलंय हो. दादाच्या बारावीनंतर, माझ्या लग्नानंतर, आजीच्या खुब्यानंतर. एक्स-रे तुम्हीही पाहिलात. कूर्चा उरलेली नाही, हाडावर हाड घासतंय, आणि सगळा भार डाव्यावर टाकून तिने त्याचीही वाट लावली आहे. बाथरूममध्ये पडली ते तर तुम्ही दोघांनी मला तीन आठवडे सांगितलंही नाहीत.

आजी गेल्यापासून जो भेटतो तो तिच्या सढळ हाताचं कौतुक करतो. जांभळी नाक्यावरची भाजीवालीसुद्धा परवा रडली. खरंच होती तशी ती. वाटीभर साखर उसनी आणली तर परत करताना शिगोशीग भरून द्यायची. कामाच्या मावशींच्या मुलीची फी भरायला पाटल्या दिल्या, त्या पाटल्यांवरून घरात काय झालं ते राहू दे. आणि 26 जुलै! 2005 चा तो मंगळवार. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, गाड्या बंद, मी विक्रोळीत एका अनोळखी घरी रात्र काढली. बुधवारी हायवेने चालत, चपला हातात घेऊन घरी पोचले तर माझ्या पलंगावर तीन परक्या बायका झोपलेल्या! आजीने स्टेशनाकडून येणाऱ्यांना जिन्यातूनच हाका मारून वर घेतलं होतं. मी चिडले, तर म्हणाली, "तुला नाही का कुणी घेतलं रात्री?"

पण त्या रात्री खिचडी कोण करत होतं? सतरा माणसांची, दोन खेपांत? मी आत गेले तेव्हा आई ओट्याशी उभी होती, परकराचा काठ भिजलेला, आणि मला बघून पहिलं काय म्हणाली तर, "तुझ्यासाठी काढून ठेवलीय गं." दिवसभर शाळेत वर्गात उभी, संध्याकाळी ओट्याशी उभी. आजी दारातून म्हणायची, "आणखी एक पान वाढ." पान वाढायचं, कणीक पुन्हा भिजायची. आई, तू कधी कुरकुरलीस असं मला आठवत नाही. (एकदाच. नानाकाका महिनाभर राहिले होते तेव्हा. ते योग्यच होतं.)

हे मी माझ्या मनाचं बोलत नाही. शेवटच्या दिवाळीत आजीचे पाय चेपत होते तर ती म्हणाली, "मी नुसतं 'वाढ' म्हणायचे, वाढायची ती. तिच्या गुडघ्यांकडे बघ हो." पोस्टातल्या तिच्या पैशांना माझं नाव तिने का लावलं, ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हा बाबा, पैशांचा विषय नको. आजीच्या सुनेवर आजीचेच पैसे लागताहेत. शिवाय 2017 पासून सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीला मर्यादा घातली आहे. तुमच्या मित्राच्या वेळचा आकडा डोक्यातून काढून टाका.

वर्षश्राद्ध होणार, बाबा. तुम्हीच करायचं, गुरुजींशी बोलून ठेवलंय. भरड्याचे वडे, खीर, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं एक बाई करून देणार आहेत. पानं बाराच. आजीच्या रीतीने तेरावं जास्तीचं ठेवू, कुणी ना कुणी येतंच. आई खुर्चीवर बसेल आणि मीठ कमी आहे म्हणून सांगेल.

तोवर दोघांनी ऐरोलीला यायचं. ठाण्याहून दुसरंच तर स्टेशन, मध्ये दिघा गाव झालंय तेवढंच. लिफ्ट आहे, बाथरूमला दांडे बसवून घेतले, कमोडही उंच करून घेतला. दुसऱ्या दिवशीच वॉकर धरून चालवतात, साधारण पंधरवड्यात टाके निघतात, पण व्यायाम चुकवून चालत नाही, रडू आलं तरी. लहानपणी मी इंजेक्शनला रडायचे तेव्हा तू माझा अंगठा घट्ट धरायचीस ना, तसाच मी तुझा धरीन.

आता नीट ऐका. आई, शुगर आटोक्यात आली नाही तर तारीख पुढे जाईल, तेव्हा दिवाळीत चिरोटे मोजून. दुखरी दाढ आधी दाखव. पाटावर बसून काही निवडायचं नाही. बाबा, गोळ्यांची पिशवी तुमच्याकडे, तिच्याकडे नको, ती स्वतःच्याच विसरते. निघताना रेग्युलेटर काढा. तुळशीला समोरच्या काकू पाणी घालतील. पेपर इथे सांगून ठेवलाय, खिडकीजवळची खुर्ची तुमची. तुमची चहाची गाळणी मात्र आणा, आमच्या गाळणीला तुम्ही नावं ठेवता.

नौपाड्याच्या घराला कुलूप लागणार म्हणून तुम्हाला कसंतरी होतंय, ठाऊक आहे मला. दर रविवारी तुम्हाला घेऊन जाईन, दिवा लावून येऊ.

पोळपाट-लाटणं आणायचं नाही. आणि आई, आदल्या रात्री जागून डबे भरत बसू नकोस. एकही डबा नको.

मेतकूट तेवढं आण. संपलंय.

तुमची,
मनू