ठिबकची नळी आणि पायजम्यावरचे थेंब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघवी झाली, नाडी बांधली आणि चार पावले टाकली की दोन-चार थेंब गळतात. पन्नाशीपुढच्या पुष्कळ पुरुषांना हा त्रास असतो, पण बोलत कोणी नाही. पांढऱ्या पायजम्यावर डाग दिसेल म्हणून कीर्तनाला जाणे, लग्नाच्या पंगतीला बसणे टाळले जाते. तरुणांना हेच झाले की ते ‘धातू जातोय’ या धास्तीने चूर्णे विकणाऱ्यांकडे पैसे घालवतात. अशा औषधांच्या छोट्या जाहिराती वर्तमानपत्रांतच छापून येतात, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे केळीला ठिबक असते, त्यामुळे हा प्रकार समजायला अवघड नाही. कॉक बंद केला तरी नळीच्या खोलगट भागात पाणी साचून राहते आणि नळी उचलली की सांडते. पुरुषाची मूत्रनलिका साधारण 20 सेंटिमीटर लांब असते आणि अंडकोषाच्या मागे तिला बाक असतो. लघवी संपताना तिथला स्नायू नळी पिळून उरलेले थेंब बाहेर काढतो. तो सैल पडला की थेंब बाकातच राहतात, आणि चालताना किंवा बसताना बाहेर येतात. मूत्राशयाचे तोंड नीट बंद झालेले असते आणि धातूचा यात काहीही संबंध नसतो. प्रोस्टेटचाही (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा) बहुतेक वेळा नसतो; प्रोस्टेटचे ऑपरेशन होऊनही हे थेंब राहिलेले दिसतात.

उपाय दहा-पंधरा सेकंदांचा आहे. चड्डीचे इलॅस्टिक किंवा पँटची चेन खालून नळी दाबत असेल तर थेंब अडकणारच, म्हणून आधी कपडा पुरता खाली घ्यावा. धार थांबल्यावर थोडे थांबावे. मग तीन बोटांची टोके अंडकोषाच्या मागे, गुदद्वाराच्या पुढच्या मऊ जागेवर मधोमध ठेवून हलके वर दाबावे आणि तोच दाब ठेवत बोटे पुढे, लिंगाच्या मुळापर्यंत सरकवावीत. असे दोन-तीनदा केले की अडकलेले थेंब बाहेर येतात. नुसते झटकून ते येत नाहीत, कारण लोक पुढचे टोक झटकतात आणि थेंब मागे असतात. एसटी स्टँडच्या मुतारीत बोटे लावण्याची सोय नसेल तर वायू रोखताना जे स्नायू आवळतो, ते दोन-तीनदा जोरात आवळावेत.

याच स्नायूंचा व्यायाम रोज करावा. 5 सेकंद आवळायचे, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचे, असे 10 वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, कुल्ले ढिले हवेत आणि श्वास चालू हवा. फरक पडायला तीन महिने लागू शकतात. आठ दिवसांत सोडून देणारेच जास्त. धार मध्येच अडवून हा व्यायाम करू नये, मूत्राशय अर्धवट रिकामे राहते. जुना बद्धकोष्ठ किंवा खोकला असेल तर त्यावरही उपचार हवा, कारण रोजच्या कुंथण्याने आणि ढासेने हेच स्नायू सैल होतात.

सगळ्यात चुकीचा उपाय म्हणजे पाणी तोडणे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांवर जातो. त्यात पाणी कमी प्यायले की लघवी गडद होते, जळजळते, मुतखड्याला आमंत्रण मिळते. आणि बाकात अडकायचे थेंब अडकतातच.

बायकांचे कारण वेगळे. त्यांची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटर, तिला असा बाक नाही. गुडघे जवळ घेऊन बसले तर थोडी लघवी योनिमार्गात शिरते आणि उठल्यावर गळते. गुडघे फाकवून, थोडे पुढे झुकून बसावे, झाल्यावर तिथेच एकदा मागेपुढे हलून मग पुसावे. खोकताना, शिंकताना किंवा हंडा उचलताना लघवी सुटणे हा निराळा आजार आहे, त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे.

धार बारीक होणे, सुरू व्हायला वेळ लागणे, कुंथावे लागणे, रात्री वारंवार उठावे लागणे, आग, ताप किंवा रक्त, यांतले काही असेल तर घरगुती उपायांवर थांबू नये. लघवी आणि साखर तपासावी. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती मि.ली. उरली, तेही मोजायला सांगावे. लघवी अचानक तुंबली, किंवा जांघेत बधिरपणा आणि पायांत अशक्तपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एक मागणी. खान्देशातल्या बसस्थानकांवरच्या महिला स्वच्छतागृहांत पाणी, आतली कडी आणि पिशवी अडकवायला खुंटी हवी. घाणीमुळे अर्धवट उभे राहून लघवी केली की खालचे स्नायू सैल सुटत नाहीत आणि मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. धुळ्याहून नंदुरबारला निघालेल्या बाईला त्याच अवस्थेत गाडी पकडावी लागते.

आपला,
मूत्रविकार रुग्णसेवेतील एक वाचक, भुसावळ