तोफ मोठी का नाही केली?

अहिल्यानगर,
दि. १९ जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "दुसऱ्या महायुद्धात जर्मन रणगाड्यांचं चिलखत फुटत नव्हतं, तर ब्रिटिशांनी रणगाड्यावर सरळ मोठी तोफ का नाही बसवली?" तेवढ्यात फोन कट झाला आणि उत्तर राहून गेलं. ते काही डोक्यातून जाईना, म्हणून काल सुट्टी साधून इथल्या रणगाडा संग्रहालयात पुन्हा जाऊन आलो.

तिथे ब्रिटिशांचा माटिल्डा रणगाडा आहे आणि जर्मनांची ८८ मिलिमीटरची तोफही. ह्या दोन जातींची गाठ २१ मे १९४० ला फ्रान्समध्ये आरासजवळ पडली होती. माटिल्डाचं चिलखत जिथे सर्वांत जाड तिथे ७८ मिलिमीटर. जर्मनांच्या ३७ मिलिमीटर तोफांचे गोळे त्यावरून नुसते उडत होते. शेवटी जर्मन सेनानी रोमेलच्या लोकांनी विमानं पाडायच्या ८८ च्या तोफा खाली रोखल्या, तेव्हा कुठे ते रणगाडे थांबले. त्या ३७ च्या तोफेला पुढे जर्मन सैनिकच 'दार ठोठावणारी' म्हणायला लागले.

आता माटिल्डाची स्वतःची तोफ. तोंड ४० मिलिमीटर, म्हणजे दीड इंची पाइपाएवढं. गोळ्याच्या वजनावरून तिला दोन पाउंडी म्हणत. चाकांवर बसवून पायदळाच्या बचावाला दिलेली तोफसुद्धा हीच.

मोठी तोफ कुणाला सुचली नव्हती असं नाही रे. ५७ मिलिमीटरच्या सहा पाउंडीचा आराखडा तयार होता. पण १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिशांच्या बहुतेक रणगाडाविरोधी तोफा मागे राहिल्या, आणि इंग्लंडवर आज-उद्या स्वारी होणार ही धास्ती. कारखान्यांतलं सगळं टूलिंग दोन पाउंडीचं, कामगारांचा हातही तिच्यावरच बसलेला. नवा जॉब लावायचा तर सेटिंग होईपर्यंत हातात काहीच नाही. आपण दोघांनी एकाच शॉपमध्ये बारा वर्षं काढली. लाइन बदलताना आकडे कसे खाली येतात ते तुला काय सांगायचं! म्हणून जुनीच तोफ चालू ठेवली. त्या निर्णयाला चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्याचे भोग उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढणाऱ्या पोरांच्या वाट्याला आले.

सहा पाउंडीचं उत्पादन सुरू झालं नोव्हेंबर १९४१ मध्ये. त्याच महिन्याच्या २१ तारखेला लिबियात सिदी रझेगला जॉर्ज वॉर्ड गन नावाचा तरुण अधिकारी चार दोन पाउंडी तोफा घेऊन उभा होता. समोरून साठेक रणगाडे. एक सोडून बाकीच्या तोफा निकामी झाल्या. उरलेली ट्रकवर चढवलेली होती आणि त्या ट्रकने पेट घेतला. एक मेजर आग विझवत होता आणि गन गोळे डागत होता. चाळीस-पन्नास गोळे. ८०० यार्डांवरचे दोन रणगाडे त्याने पेटवले, आणि मग तो तिथेच पडला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. काल परत येताना मी ते अंतर रस्त्यावर चालून पाहिलं. ८०० यार्ड म्हणजे सव्वासातशे मीटरच्या वर. तिथून मागे पाहिलं तर माझी पांढरी गाडी बोटाच्या पेरात मावत होती. खूप वेळ मला पाय उचलता येईना.

पुढच्या वर्षी सहा पाउंडी वाळवंटात पोचली आणि चित्र पालटलं.

आता तुझा खरा प्रश्न, रणगाड्याचा. जमिनीवर तोफ मागे सरकली तर सरकू दे, पाठीमागे मोकळी जागा असते. रणगाड्यात तो धक्का टरेटच्या, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजाच्या आत जिरवायचा, आणि टरेट किती मोठा करायचा ते तो ज्यावर फिरतो ती खालची रिंग ठरवते. क्रुसेडर रणगाड्यात सहा पाउंडी बसवली, तर टरेटमधल्या तिघांपैकी एकाला उतरावं लागलं! त्यापुढची सतरा पाउंडी, ७६.२ मिलिमीटरची, शर्मन ह्या अमेरिकन रणगाड्यात मावेलच कशी? इंग्लंडमध्ये ललवर्थला मेजर ब्रायटी ह्याने तोफेची मागे सरकायची यंत्रणाच काढून तोफ जाम केली, म्हणजे सगळा धक्का रणगाड्यानेच सोसायचा. ते टिकणारं नव्हतं. मग किलबर्न ह्या अभियंत्याने ती यंत्रणा नव्याने आखली, आखूड केली. ब्रीच, म्हणजे तोफेचं गोळा भरायचं मागचं तोंड, ९० अंशांत फिरवून आडवी घातली, म्हणजे गोळा डावीकडून भरता येईल. वायरलेस सेट टरेटच्या पाठीला बाहेर पेटी लावून तीत ठेवला. पुढच्या मशीनगनवाल्याला काढून त्याच्या जागी गोळे रचले. असा बदललेला शर्मन, नाव फायरफ्लाय, जून १९४४ मध्ये नॉर्मंडीत उतरला. फिक्स्चरमध्ये न बसणारा जॉब रात्र जागून बसवणारा माणूस मला लगेच ओळखू येतो, सुधीर.

एक गोष्ट तर खास तुझ्यासाठी राखून ठेवली आहे. तोफ न वाढवताही मारा वाढवता येतो. परम्युटर आणि कॉपॉक ह्या दोघांनी टंगस्टन कार्बाईडचा बारीक गाभा हलक्या धातूच्या कवचात बसवला. कवच नळी भरून काढतं, बाहेर पडताच सुटून जातं, आणि गाभा एकटा पुढे जातो. सतरा पाउंडीचा साधा गोळा सेकंदाला ९०० मीटरच्या आसपास, हा १,२०० च्या. लांबवर नेम चुकायचा हे खरं, पण जुनी सहा पाउंडीसुद्धा ह्या गोळ्याने पुन्हा कामाची झाली. आपल्या लेथच्या टूलला लागणारी कार्बाईडची टिप आठव. एवढीशी, पण हातात घेतली की पोलादाच्या दुप्पट जड. तोच माल. जर्मनांकडे टंगस्टनचा तुटवडा, त्यातलं कारखान्यांतल्या टूल्सना द्यायचं की गोळ्यांना, हा त्यांचा पेच. गोळ्यांच्या वाट्याला फार थोडं आलं.

फेब्रुवारीत येतोयस ना? सकाळी लवकर नीघ, संग्रहालयाला अर्धा दिवस ठेवू. माटिल्डाच्या टरेटची रिंग तुला दाखवायची आहे. वहिनींना नमस्कार, काकांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझा,
अविनाश